हिंगमच्या वहीतली एक ओळ

(दृश्य : धुकं, शेतं, चर्चचा मनोरा)

हे हिंगम. इंग्लंडच्या पूर्वेकडच्या नॉरफोक परगण्यातलं. गाव लहान, पण चर्च एखाद्या शहराला शोभेल असं. चौदाव्या शतकात बांधलेलं सेंट अँड्र्यूज. आतल्या भिंतीत एक अर्धपुतळा बसवलाय. हनुवटीवर दाढी, खोल गेलेले गाल, थकलेले डोळे. चेहरा ओळखायला वेळ लागत नाही.

अब्राहम लिंकन.

हा पुतळा १९१९ साली बसवला. खालच्या शिलालेखात लिहिलंय की, लिंकनांचे पूर्वज या गावात अनेक पिढ्या नांदले. स्वतः लिंकनना मात्र ही गोष्ट शेवटपर्यंत खात्रीने कळली नाही. आपल्याला ती कळते, ती काही कारकुनांमुळे.

(दृश्य : नोंदवहीचं पान, शाईवर सरकणारा कॅमेरा)

१५३८ साली राजा आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत हुकूम निघाला. प्रत्येक चर्चने एक वही ठेवायची. आठवड्यात कुणाचा बाप्तिस्मा झाला, कुणाचं लग्न लागलं, कुणाला मूठमाती दिली, ते त्यात लिहायचं. वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवायची. लिहिणाऱ्याला पगारवाढ नव्हती, की कुणाची शाबासकी नव्हती. तरी लोक लिहीत राहिले. अक्षर असं की आज ते वाचायला वेगळं शिकावं लागतं. आडनावही ऐकू येईल तसं लिहिलेलं. आणि तेव्हाचं इंग्रजी वर्ष बदलायचं २५ मार्चला. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतली तारीख नीट पाहिली नाही, तर अख्खं वर्ष चुकतं.

अशा नोंदींमध्ये हिंगमची ही एक. तारीख २४ ऑगस्ट १६२२. एडवर्ड लिंकनच्या मुलाचा बाप्तिस्मा. मुलाचं नाव सॅम्युएल.

(दृश्य : स्वॉन्टन मॉर्ली, गावचा रस्ता)

सॅम्युएलचे आजोबा रिचर्ड हे नॉरफोकमधल्याच स्वॉन्टन मॉर्ली गावचे खातेपिते जमीनदार. त्यांची चार लग्नं झाली होती. एडवर्ड पहिल्या बायकोचा, थोरला. पण मृत्युपत्रात मालमत्ता गेली चौथ्या बायकोच्या मुलांकडे. एडवर्ड कोर्टात गेला, पण घराण्याची जमीन काही त्याच्या हाती आली नाही. तो हिंगममध्येच राहिला आणि त्याची मुलं मागावर बसली. म्हातारपणीच्या एका मृत्युपत्राने एका घराण्याची वाट बदलली. जमीन हातात असती तर ही मुलं समुद्र ओलांडून गेली असती का, असं राहून राहून वाटतं.

त्यात गावातलं वातावरण तापलेलं. पाद्री रॉबर्ट पेक कडवे प्युरिटन, म्हणजे चर्चमधले जुने विधी मोडीत काढून साधेपणा आणू पाहणाऱ्या पंथाचे, आणि वरचे बिशप त्यांच्या मुळावर उठलेले. माणसं घरदार विकून बोटीवर चढू लागली.

(दृश्य : यार्मथचा किनारा, मग प्रवाशांची यादी)

एप्रिल १६३७. नॉर्विचचे विणकर फ्रान्सिस लॉज कुटुंबासह निघाले. सरकारी यादीत त्यांच्यासोबत दोन नोकरांची नावं आहेत. त्यातलं एक असं, 'सॅम्युएल लिंकॉर्न, वय १८'.

बाप्तिस्म्याची नोंद धरली तर हा मुलगा तेव्हा जेमतेम चौदा-पंधरा वर्षांचा. दोन कागद, दोन वयं. वंशावळ शोधणारा माणूस अशा जागी अडकतो आणि रात्र रात्र जागतो. मोठं वय त्याने सांगितलं की मालकाने, ते कागद बोलत नाही.

(दृश्य : मॅसॅच्युसेट्स, लाकडी चर्च. कॅमेरा छताकडे)

पलीकडच्या, अमेरिकेच्या किनाऱ्यावर लोकांनी नव्या गावालाही जुनंच नाव दिलं. हिंगम. सॅम्युएलचे भाऊ तिथे आधीच पोचले होते. गावचे कारकून डॅनियल कुशिंग यांनी जुन्या हिंगमहून कोण कोण आलं, याची यादीच करून ठेवली. सॅम्युएल काही काळ मॅसॅच्युसेट्समधल्याच सेलम गावी राहिला, हे त्यांनीच लिहिलंय.

आता वर बघा. हे छत. उलटी घातलेली होडी वाटते ना? १६८१ साली बांधलेलं हे ओल्ड शिप चर्च आजही वापरात आहे. सॅम्युएलने हे उभं राहताना पाहिलं. १६९० साली तो गेला, मागे मोठा कुटुंबकबिला ठेवून.

या जमिनीवर आधीपासून राहणाऱ्या मूळ रहिवाशांकडून १६६५ साली वसाहतवाल्यांनी खरेदीखत करून घेतलं, गाव वसल्यावर तीस वर्षांनी.

(दृश्य : ओढा, जुनी गिरणी. मग पेनसिल्व्हेनियातलं दगडी घर)

सॅम्युएलचा मुलगा मॉर्डेकाय. लोहार, गिरणीमालक. त्याचा मुलगाही मॉर्डेकाय. तो न्यू जर्सीला गेला, तिथून पेनसिल्व्हेनियाला. १७३३ साली बांधलेलं त्याचं हे घर अजून उभं आहे. धागा तुटला तो इथेच. राष्ट्राध्यक्ष लिंकनांचे पणजोबा, व्हर्जिनियाचे जॉन लिंकन आणि हा मॉर्डेकाय, यांचं नातं काय?

उत्तर मिळालं तेही कागदातच. मॉर्डेकायने मृत्युपत्रात जॉनला न्यू जर्सीतली ३०० एकर जमीन ठेवली होती. पुढे जॉनने ती विकली. त्या खरेदीखतात लेखनिकाने विकणाऱ्याच्या बापाचं नाव घातलं. मॉर्डेकाय. सांधा जुळला. जॉनचा मुलगा अब्राहम, त्याचा थॉमस, आणि थॉमसचे अब्राहम लिंकन. सॅम्युएलपासून सातवी पिढी. केंटकीपासून पुढची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे.

(दृश्य : लिंकनच्या हस्ताक्षरातलं पत्र)

१८४८. अमेरिकेतल्या हिंगमच्या सॉलोमन लिंकन यांनी अब्राहम लिंकनना वॉशिंग्टन शहरी पत्र पाठवलं. तुमचं घराणं आमच्यापैकीच का? लिंकन तेव्हा काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकी संसदेचे, सदस्य होते. त्यांनी कळवलं की, पणजोबा पेनसिल्व्हेनियाहून व्हर्जिनियाला गेले, एवढं कानावर आहे. त्यापलीकडे काही नाही. माझे वडील लहानपणीच पोरके झाले, गरिबीत वाढले, शिकले नाहीत, म्हणून मला घराण्याची माहिती इतकी कमी असावी. आमच्याकडे अब्राहम आणि मॉर्डेकाय ही नावं मात्र नेहमीची, हेही त्यांनी लिहिलं.

दुवा हातात होता. मॉर्डेकाय.

त्याच वर्षी सप्टेंबरात लिंकन बॉस्टनला भाषण द्यायला आले. खाडीच्या पलीकडे, अवघ्या काही मैलांवर, हिंगम होतं.

(दृश्य : उलट्या होडीसारखं छत. नंतर इंग्लंडमधल्या वहीचं पान. निवेदन थांबतं.)