स्पेनमधले हापोन: एका दुर्मिळ आडनावाची गोष्ट

मंडळी, स्पेनच्या फुटबॉलमध्ये रेफरीला दोन्ही आडनावांनी ओळखायची पद्धत आहे, आणि १९९० च्या दशकात तिथल्या ला लीगामध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या फुटबॉल स्पर्धेत, एक रेफरी होते, होसे हापोन सेविया. स्पॅनिशमध्ये जपानला हापोन म्हणतात आणि सेविया हे अंदालुसियातलं, म्हणजे दक्षिण स्पेनमधलं मोठं शहर, म्हणजे ह्या माणसाचं वडिलांकडचं आडनाव जपान आणि आईकडचं सेविया! हे कोणी हौसेने घेतलेलं नाव नाहीये, घराण्यात चालत आलेलं आहे. आज मी ह्याच हापोन आडनावाबद्दल बोलणार आहे, कारण इंटरनेटवर त्याची जी गोष्ट फिरते ना, "स्पेनमधले सामुराईंचे (म्हणजे जुन्या जपानी योद्ध्यांचे) वंशज", ती ऐकायला छान आहे, पण त्या गोष्टीत आडनाव कसं तयार झालं आणि कसं टिकलं हे कोणी सांगतच नाही, आणि मला विचाराल तर खरी मजा तिथेच आहे.

आधी इतिहास थोडा बघून घेऊ. जपानमधल्या सेंदाईचे सरदार दाते मासामुने, त्यांना मेक्सिकोशी थेट व्यापार हवा होता, मेक्सिको तेव्हा स्पेनच्या ताब्यात होतं. सेवियाचेच एक फ्रान्सिस्कन पाद्री लुइस सोतेलो जपानात होते, त्यांना तिथे आपल्या पंथाचा जम बसवायचा होता. दोघांचं जमलं, जहाज बांधलं गेलं आणि ऑक्टोबर १६१३ मध्ये त्सुकिनोउरा बंदरातून १८० च्या आसपास माणसं निघाली, प्रमुख होते हासेकुरा त्सुनेनागा नावाचे सामुराई. जानेवारी १६१४ मध्ये अकापुल्को, मग मेक्सिको सिटी. तिथे चिमालपाहिन नावाचा नाहुआ, म्हणजे मेक्सिकोच्या मूळ रहिवाशांपैकी, एक इतिहासकार होता, त्याने ह्या जपान्यांबद्दल आपल्या भाषेत लिहून ठेवलंय, हे मला फार विलक्षण वाटतं. बहुतेक जपानी मेक्सिकोतच थांबले आणि हासेकुरा दोन-तीन डझन माणसं घेऊन अटलांटिक ओलांडून ऑक्टोबर १६१४ मध्ये स्पेनच्या सानलुकार बंदरात उतरले.

सानलुकारहून मेदिना सिदोनियाच्या ड्यूकने दोन वल्ह्यांची जहाजं दिली आणि ही मंडळी ग्वादलकिविर नदीतून उलट्या दिशेने वर आली ती कोरिया देल रिओ ह्या गावी. (कोरिया देशाशी ह्या गावाचा काडीचाही संबंध नाही, हे सांगून ठेवतो, कारण जपान आणि कोरिया एकत्र ऐकलं की लोक हमखास गोंधळतात.) सेविया इथून १०-१५ किलोमीटर. शहरात वाजतगाजत प्रवेश करायच्या आधी तयारी करायला शिष्टमंडळ इथे थांबलं, सेविया नगरपालिकेच्या वतीने पेद्रो गालिंदो नावाच्या सभासदाने बडदास्त ठेवली, आणि मग ऑक्टोबर संपायच्या आत होड्यांच्या त्रिआना पुलावरून सगळे शहरात शिरले, राजवाड्यात उतरले. पुढे ३० जानेवारी १६१५ ला माद्रिदमध्ये राजा तिसरा फेलिपे ह्याची भेट, फेब्रुवारीत राजाच्या समोर हासेकुरांचा बाप्तिस्मा, नाव फेलिपे फ्रान्सिस्को, आणि नोव्हेंबरमध्ये रोमला पाचवे पोप पॉल ह्यांची भेट. वाटेत फ्रान्सच्या सेंट ट्रोपे गावी थांबले होते, तिथली नोंद आहे की हे लोक मऊ कागदाने नाक पुसून तो कागद टाकून द्यायचे आणि गावकरी ते कागद उचलायला धावायचे, कारण नाक पुसायला कागद वापरतात हेच त्यांना नवीन होतं.

पण व्यापाराचा करार काही झाला नाही. इकडे शिष्टमंडळ युरोपात फिरत होतं आणि तिकडे जपानात १६१४ मध्येच शोगुनच्या (लष्करी शासकाच्या) सरकारने पाद्र्यांना हाकलायचा हुकूम काढला होता, मग स्पेनचा राजा कशाला शब्द देईल? ह्यांना परत जा म्हणून दबाव येऊ लागला. हासेकुरा तब्येतीचं कारण सांगत सेवियाजवळच्या एस्पार्तिनासच्या मठात बराच काळ राहिले, शेवटी १६१७ मध्ये निघाले आणि १६२० मध्ये जपानात पोचले तेव्हा बंदी आणखी कडक झालेली होती. सोतेलो नंतर चोरून जपानात गेले आणि १६२४ मध्ये त्यांना जिवंत जाळलं. आता ह्या मंडळीत बाप्तिस्मा घेतलेली माणसं होती, परत गेलो तर जिवावर बेतणार हे त्यांना कळत होतं, त्यामुळे मोजकी काही मागे राहिली असणार असं इतिहासकार मानतात.

आता इथे आपल्याकडचा धागा येतो आणि तो ओढून आणलेला नाही. १५८० ते १६४० स्पेन आणि पोर्तुगालचा राजा एकच होता, म्हणजे हासेकुरा ज्या फेलिपेसमोर उभे राहिले तोच तेव्हा गोव्याचा आणि वसईचाही राजा. ह्याच्या आधी १५८२ मध्ये जपानहून चार ख्रिस्ती तरुण युरोपला निघाले होते ते गोव्यामार्गे, परत येतानाही १५८७ मध्ये गोव्यात थांबले आणि त्यांच्यातल्या हारा मार्तिन्योने तिथे लॅटिनमध्ये भाषण केलं. आणि १५९७ मध्ये नागासाकीला ज्या २६ ख्रिस्ती लोकांना सुळावर दिलं त्यातले गोन्सालो गार्सिया, ते तर आपल्या वसईत जन्मलेले, सोतेलोंच्याच फ्रान्सिस्कन पंथातले. आणि बघा, गार्सिया! स्पेनमध्ये सगळ्यात जास्त लोकांचं जे आडनाव आहे तेच.

तर वसई-गोव्यात आडनावं कशी आली हे इथल्या बऱ्याच जणांना घरूनच माहीत असेल. बाप्तिस्म्याच्या वेळी गॉडफादरचं नाहीतर पाद्र्याचं आडनाव मिळायचं आणि त्या घराचं जुनं नाव कागदावरून पुसलं जायचं. परक्या माणसाला वहीत नोंदवायची ही एक पद्धत. दुसरी पद्धत म्हणजे तो कुठून आलाय तेच नावापुढे लावून टाकायचं, आपल्या 'कर' आडनावांसारखं. स्पेनमध्ये तोलेदो, आरागोन, नावार्रो, गायेगो ही सगळी आडनावं अशीच आहेत, आणि हापोनही त्यातलंच. सतराव्या शतकात स्पॅनिश कागदपत्रांमध्ये जपानी माणसालाच हापोन म्हणायचे, "जन्माने हापोन" अशा धर्तीवर. म्हणजे सुरुवातीला हे आडनाव नव्हतंच, लेखनिकाने केलेलं वर्णन होतं.

ह्याचा एक जिवंत नमुना सांगतो. तोमास फेलिपे हापोन. हा हासेकुरांबरोबर आलेला, बाप्तिस्मा झालेला जपानी. स्पेनमध्ये राहिला आणि साफ्रा गावच्या एका बड्या माणसाकडे नोकरीला लागला, त्या मालकाने त्याला गुलाम केलं, अंगावर डाग दिला. १६२२ मध्ये ह्याने थेट राजाकडे अर्ज केला की मी स्वतंत्र माणूस आहे, मला मोकळं करा, घरी जाऊ द्या. इतिहासकार हुआन खिल ह्यांनी हे कागद उजेडात आणले. ह्या माणसाच्या नावापुढचं हापोन वाचताना मला सामुराईचा रुबाब वगैरे काही दिसत नाही, दिसतो तो एक परमुलखात अडकलेला माणूस ज्याची ओळख तेवढ्या एका शब्दावर येऊन ठेपली होती.

उलटं उदाहरण मेक्सिकोच्या ग्वादालाहारा शहरातलं. तिथे सतराव्या शतकात दोन जपानी व्यापारी होते, लुइस दे एन्सिओ आणि त्याचा जावई हुआन दे पाएस. पाएस तर चांगलाच श्रीमंत झाला, कॅथेड्रलचे पैसे सांभाळायचा. पण नावं बघा ना, एन्सिओ, पाएस! आज मेक्सिकोत पाएस आडनावाचा माणूस दिसला तर जपान कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. रक्त तेवढंच जपानी, पण आडनाव मघाशी सांगितलेल्या पहिल्या पद्धतीचं मिळालं, खलास, खूण गेली. कोरियात नदीकाठी राहिलेल्यांना ती मिळाली आणि राहिली, हा निव्वळ नोंदीच्या पद्धतीचा खेळ आहे.

कोरियाच्या सांता मारिया दे ला एस्त्रेया चर्चच्या वह्यांमध्ये हापोन हे आडनाव सतराव्या शतकापासून सापडतं. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेने १५६३ मध्ये ठरवलं होतं की प्रत्येक चर्चने लग्नांची आणि बाप्तिस्म्यांची वही ठेवायची, म्हणून आपल्याला हे आज कळतं तरी. पण शिष्टमंडळातला अमुक माणूस म्हणजे कोरियातल्या अमुक हापोनचा बाप, असा सरळ सांधणारा कागद नाही. नाव, गाव आणि काळ हे तिन्ही जुळतात, त्यामुळे संबंध आहे असं मानायला भक्कम जागा आहे, आणि मीही तो मानतो, पण हा परिस्थितीजन्य पुरावा आहे हे स्वच्छ सांगायला पाहिजे.

लोक मात्र भलतेच पुरावे देतात. म्हणे कोरियातल्या काही बाळांच्या पाठीवर निळसर डाग असतो, जपानी बाळांसारखा. अहो, तो डाग आपल्याकडच्या कितीतरी बाळांच्या कमरेवर असतो, कुठल्याही आजीला विचारा! दुसरं म्हणे तिथे भातशेती आहे. ग्वादलकिविरच्या पाणथळ भागातली मोठी भातशेती विसाव्या शतकात, १९२०-३० च्या सुमारास सुरू झाली, हासेकुरांना जाऊन तीनशे वर्षं झाल्यावर.

आणि डीएनए. २०१३ च्या सुमारास जपानी संशोधकांनी कोरियातल्या हापोन लोकांचे नमुने घेतले, त्याची बातमी खूप गाजली. पण हिशोब करून बघा, चारशे वर्षं म्हणजे साधारण सोळा पिढ्या, सोळा पिढ्या मागे गेलं की पूर्वजांच्या जागा होतात ६५,५३६, त्यातला एखादा जपानी असला तर त्याचा अंश आज शरीरात बहुधा शून्यच. फक्त वाय क्रोमोझोम बापाकडून मुलाकडे जवळजवळ तसाच जातो, म्हणजे तो एकच मार्ग, आणि तोही हापोन नाव सलग बापाकडूनच आलं असेल तरच उपयोगी. सतराव्या शतकात अंदालुसियात तशी सक्तीच नव्हती! मुलं आईचं आडनाव घेत, आजीचं घेत, सख्ख्या भावंडांची आडनावं वेगळी असत. वडिलांचं पहिलं, आईचं दुसरं ही शिस्त १८७१ मध्ये नागरी नोंदणी सुरू झाल्यावर पक्की झाली. माझं तर म्हणणं आहे की ह्या सैलपणामुळेच हे नाव वाचलं असणार. मूठभर पुरुषांचं आडनाव, काहींना मुलीच झाल्या असतील, कडक पितृवंशाचा नियम असता तर दोन-चार पिढ्यांत बुडालं असतं. पण ज्यामुळे नाव टिकलं त्याचमुळे नाव आणि रक्त ह्यांची फारकत झाली, त्यामुळे एखाद्या हापोनमध्ये जपानी वाय सापडला नाही तर तो खोटा हापोन ठरत नाही.

आता आज किती आहेत ते. स्पेनची राष्ट्रीय सांख्यिकी संस्था आडनावांची यादी जाहीर करते, वेबसाइटवर कोणीही शोधू शकतं, देशात किमान २० लोक असतील तर आडनाव दिसतं आणि प्रांतवार बघायचं तर किमान ५ लागतात. गार्सिया पहिलं आडनाव असलेले १४ लाखांच्या वर आहेत, देशाच्या साधारण ३ टक्के. हापोन देशाच्या मानाने नगण्य, आणि जे आहेत ते बहुतांशी सेविया प्रांतात. एकट्या कोरियात सहाशे-सातशे लोक सांगितले जातात आणि गावाची लोकसंख्या ३०,००० च्या आसपास. म्हणजे गावात शंभरातले दोन! देशभरात गार्सियाचं जे प्रमाण आहे त्याच्या फार मागे नाही हे. त्यामुळे दुर्मिळ हा शब्द माद्रिदमधून बघितलं तर खरा, कोरियाच्या शाळेत हजेरी घेताना अजिबात खरा नाही. आकडा वाचताना एक काळजी मात्र घ्या, प्रत्येक माणसाला दोन आडनावं, त्यामुळे "हापोन इतके आहेत" असं वाचलं की पहिलं धरलंय की दुसरं की दोन्हीची बेरीज, ते बघा, नाहीतर आकडा उगाच फुगतो.

आणखी एक खाच आहे. इक्वाडोरच्या लोहा प्रांतात सारागुरो नावाचा आदिवासी समाज आहे, त्यांच्यातही हापोन आडनाव आहे, आणि सारागुरो लोक कामाधंद्यासाठी स्पेनला आले, अल्मेरिया प्रांतातल्या बेरा गावात त्यांची मोठी वस्ती आहे. सांख्यिकी संस्था फक्त स्पेलिंग मोजते, तिच्या लेखी दोघेही हापोनच. म्हणून देशभरचा आकडा घेऊन "एवढे सामुराईंचे वंशज" असं जे लेख छापतात ते साफ चूक आहे, कोरिया आणि आसपासचा सेविया प्रांत वेगळा काढूनच बोलायला हवं.

गावाने मात्र हे नातं मनापासून जपलंय. नदीकाठच्या बागेत हासेकुरांचा पुतळा आहे, तो सेंदाईहून आला. जून २०१३ मध्ये, चारशे वर्षांच्या निमित्ताने, तेव्हाचे युवराज आणि आताचे सम्राट नारुहितो कोरियाला आले आणि त्यांनी तिथे चेरीचं झाड लावलं. ह्या शिष्टमंडळाचे कागद त्याच वर्षी युनेस्कोच्या जागतिक स्मृती यादीत गेले, जपान आणि स्पेन दोघांनी मिळून अर्ज केला होता.

मघाशी एका ताईंनी विचारलं की हे आडनाव पुढे वाढेल की संपेल. कायद्यामुळे फरक पडेल असं मला वाटतं. पूर्वी हापोन बाईच्या मुलांना हापोन दुसऱ्या जागी मिळायचं आणि नातवंडांपर्यंत ते गळून पडायचं. १९९९ च्या कायद्याने आईबापांना क्रम बदलायची मुभा दिली आणि ३० जून २०१७ पासून तर वडिलांचं आपोआप आधी हे गेलंच, नोंदणीच्या वेळी दोघांनी मिळून क्रम सांगायचा, आणि पहिल्या मुलाला जो क्रम लावला तोच पुढच्या भावंडांनाही लागतो. एकीकडे गार्सिया किंवा रोद्रिगेस आणि दुसरीकडे हापोन अशी निवड असेल तर कोरियातले बरेच आईबाप हापोन पुढे ठेवतील असा माझा अंदाज आहे, आणि तसं झालं तर पुढच्या वीस-तीस वर्षांत सांख्यिकी संस्थेच्या यादीत हा आकडा वर गेलेला दिसेल, त्यासाठी घराण्यात मुलगे जास्त व्हायची गरज पडणार नाही.