मुलं हलवली, मैदानं तिथंच राहिली

मंडळी, विषय तुम्हाला माहितीच आहे, रग्बीतली पोरं कशी घडतात आणि त्यात वंश आणि पैसा कुठे कुठे आडवा येतो. सगळ्या जगाचं सांगत बसलो तर रात्र होईल, म्हणून मी साउथ आफ्रिकेतच थांबणार आहे. इंग्लंडमध्ये महागड्या शाळांचा प्रश्न आहेच, न्यूझीलंडमध्ये पण २०१८च्या शेवटी ऑकलंडच्या शाळांनी एका श्रीमंत शाळेशी खेळणारच नाही असं जाहीर केलं होतं, कारण ती दुसरीकडची तयार पोरं उचलत होती. पण साउथ आफ्रिकेत भेदभाव कायदे करून, कागदावर शिक्के मारून केला गेला, त्यामुळे तिथे कुठल्याही गोष्टीचा माग सरळ मागे नेता येतो.

आधी वरचं चित्र. १९९५चा वर्ल्ड कप, मंडेला सहा नंबरची जर्सी घालून मैदानात, तो फोटो सगळ्यांनी बघितलाय, पण त्या अख्ख्या स्क्वाडमध्ये गोरा नसलेला खेळाडू एकच होता, चेस्टर विल्यम्स. २००७च्या फायनलला मैदानात उतरलेल्या पहिल्या पंधरा खेळाडूंत असे दोन, ब्रायन हबाना आणि जेपी पीटरसन, म्हणजे बारा वर्षांत प्रगती किती तर एकाची. आणि मग २०१९, योकोहामा, इंग्लंडला ३२-१२ धुतलं, सुरुवातीच्या पंधरात सहा कृष्णवर्णीय खेळाडू, कॅप्टन सिया कोलिसी, आणि दोन्ही ट्राय, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवून मिळवलेले गुण, मापिंपी आणि कोल्बीचे. २०२३ला परत कोलिसीच कॅप्टन, न्यूझीलंडला १२-११ हरवून चौथा कप. २०२२च्या जनगणनेप्रमाणे देशात कृष्णवर्णीय आफ्रिकन ८१ टक्के आणि गोरे ७ टक्के, तेव्हा टीम अजूनही देशासारखी दिसत नाही म्हणणारे आहेतच, पण १९९५च्या मानाने फरक डोळ्यात भरतो, ते नाकारण्यात अर्थ नाही.

आता हे ऐकून वाटतं, चला, झालं काम. मला तसं वाटत नाही, आणि आजचं सगळं बोलणं त्याबद्दलच आहे. वरची टीम बदलली ती बऱ्याच अंशी पोरं उचलून श्रीमंत शाळांत नेऊन ठेवल्यामुळे. जिथून पोरं उचलली तिथे ना मैदान गेलं, ना कोच गेला, ना पैसा.

कोलिसीचंच घ्या. पोर्ट एलिझाबेथजवळची झ्विडे ही टाउनशिप, म्हणजे वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांसाठी शहराबाहेर वसवलेली वस्ती, जन्म १६ जून १९९१. दुसऱ्याच दिवशी, १७ जूनला, माणसांची वंशाप्रमाणे नोंद करणारा कायदा रद्द झाला, म्हणजे पोरगं वर्णभेदाच्या राज्यात एक दिवस राहून बाहेर पडलं असं गमतीने म्हणता येईल, पण झ्विडे काही एका दिवसात बदललं नाही. आजीने वाढवलं, घरात खाण्याची ओढाताण. आफ्रिकन बॉम्बर्स नावाच्या वस्तीतल्या क्लबात खेळायचा. पहिल्या प्रांतिक ट्रायलला रग्बीची शॉर्ट नव्हती म्हणून चक्क बॉक्सर घालून खेळला. मग १२व्या वर्षी मोसेल बे इथल्या ज्युनियर स्पर्धेत कोणाच्या तरी नजरेत भरला आणि पोर्ट एलिझाबेथच्याच ग्रे ज्युनियर शाळेची स्कॉलरशिप मिळाली, तिथून पुढे ग्रे हाय स्कूल. इंग्रजी धड येत नव्हतं, आजूबाजूला सगळे खात्यापित्या घरचे, पण रोजचं पोटभर जेवण, बूट, मैदान, कोच हे सगळं एका झटक्यात मिळालं.

ही गोष्ट नेहमी प्रेरणादायी म्हणून सांगतात. कोलिसी स्वतः जरा वेगळं बोलतो. २०१९च्या सुरुवातीला एका जपानी वृत्तसंस्थेशी बोलताना त्याने कोट्यावर, म्हणजे टीममध्ये अमुक इतके कृष्णवर्णीय खेळाडू हवेतच या टार्गेटवर, टीका केली, म्हणाला की मला माझ्या रंगामुळे निवडलेलं आवडणार नाही, आणि त्यावरून बराच गदारोळ झाला. त्याच मुलाखतीत त्याने असंही सांगितलं की मी त्या शाळेत गेलोच नसतो तर नीट खायला मिळालं नसतं, अंगाने वाढलो नसतो आणि बाकीच्या मुलांसारखी तयारीही झाली नसती. लोक कोट्यावर भांडत बसले आणि हे वाक्य तसंच राहून गेलं. देशाचा कॅप्टन सांगतोय की माझं शरीर त्या शाळेच्या जेवणावर झालंय.

आणि रग्बी हा शरीराचा खेळ आहे हो. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही टीमची पोरं डोकी खाली घालून एकमेकांना रेटतात तेव्हा, समोरच्या पोराचं वजन तुमच्यापेक्षा वीस किलो जास्त असेल तर टेक्निक बिक्निक ठीक आहे, पण तुमची मान आणि पाठ काय सोसते ते तुम्हालाच कळतं. साउथ आफ्रिकेत २०१६च्या राष्ट्रीय आरोग्य सर्व्हेत पाच वर्षांखालच्या मुलांपैकी २७ टक्के मुलं वाढ खुंटलेली निघाली. म्हणजे कुठल्याही सिलेक्टरने शिट्टी तोंडात घालायच्या आधीच चाळणी लागून गेलेली असते, आणि ही चाळणी बहुतेक करून गरीब आणि कृष्णवर्णीय घरांतच लागते.

आता पैसा नक्की काय विकत घेतो ते बघा. मोठ्या रग्बी शाळेत चौदा वर्षांखालची एकच टीम नसते, ए, बी, सी, डी अशी टीमांची रांगच असते, प्रत्येकीला वेगळा कोच, हिरवळीची अनेक मैदानं, स्क्रम मशीन, जिम, फिजिओ, मॅचचं व्हिडिओ बघून चुका दाखवणारा माणूस, होस्टेलचं जेवण, शनिवारी मॅचला न्यायला बस. डी टीमचा पोरगासुद्धा सीझनभर खरीखुरी मॅच खेळतो. आणि तो सोळाव्या वर्षी अचानक सहा इंच वाढला तर ए टीमचा कोच तिथेच बाजूच्या मैदानावर उभा असतो. टाउनशिपच्या किंवा खेड्यातल्या शाळेत एखादा मास्तर हौसेने शाळा सुटल्यावर शिकवतो, मैदान म्हणजे खडी आणि माती, त्यावर टॅकल करायचा, चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून खाली पाडायचं, म्हणजे गुडघे आणि कोपर सोलून घ्यायचे, त्यामुळे पोरं अंग चोरायला शिकतात, मग ट्रायलला गेल्यावर कोणीतरी म्हणतं की याला टॅकलच येत नाही. ईस्टर्न केपमधल्या कित्येक शाळांत खड्ड्याचे संडास होते, ते काढायची सरकारने स्वतःच घालून घेतलेली २०१६ची मुदतसुद्धा पाळली गेली नाही. तिथे स्क्रम मशीनची मागणी कोण करणार?

एक गोष्ट बाहेरच्यांना चटकन लक्षात येत नाही. यातल्या बऱ्याच मोठ्या शाळा खाजगी नाहीत. हिल्टन, मायकलहाउस या खाजगी, वर्षाची फी ३ लाख रँडच्या वर, त्यांचं सोडा. पण ब्लूमफोंटेनचं ग्रे कॉलेज, स्टेलनबॉशचं पॉल रूस, प्रिटोरियाची आफीज, पार्ल गावच्या दोन मोठ्या शाळा, या सगळ्या सरकारी आहेत! १९९६च्या शाळा कायद्याने शाळेच्या गव्हर्निंग बॉडीला फी लावायची मुभा दिली, हेतू असा की सधन पालकांनी पैसा घातला की सरकारचा पैसा गरीब शाळांना जाईल. झालं काय, की सधन पालकांच्या शाळांनी त्या फीमधून जादा शिक्षक, जादा कोच ठेवले, माजी विद्यार्थ्यांनी वरून देणग्या दिल्या, आणि बिनफीच्या शाळा सरकारी अनुदानावर जेमतेम चालत राहिल्या. जुना पैसा होताच. १९७५-७६ साली सरकार एका गोऱ्या मुलामागे वर्षाला ६४४ रँड आणि एका आफ्रिकन मुलामागे ४२ रँड खर्च करत होतं. त्या काळात उभी राहिलेली मैदानं, होस्टेलं, स्विमिंग पूल १९९४ला कोणी उचलून वाटले नाहीत, ते होते तिथेच आहेत.

आणि कृपा करून असं समजू नका की कृष्णवर्णीयांना रग्बी मंडेलांनी त्या जर्सीत दाखवली. हा गैरसमज मला फार खटकतो. ईस्टर्न केपमध्ये खोसा लोक एकोणिसाव्या शतकापासून रग्बी खेळतायत, लव्हडेल, हील्डटाउनसारख्या मिशन शाळांतून खेळ पसरला, पोर्ट एलिझाबेथमध्ये १८८७ साली युनियन नावाचा कृष्णवर्णीयांचा क्लब निघाला. ज्यांना तिथे कलर्ड म्हणतात त्या मिश्र वंशाच्या लोकांचं रग्बी बोर्ड १८९७चं. म्हणजे खेळ होता, प्रेक्षक होते, पिढ्यानपिढ्या चालत आलेले क्लब होते. मग १९५३चा बांटू एज्युकेशन कायदा आला, कृष्णवर्णीयांचं शिक्षण वेगळं आणि हलकं करणारा, मिशन शाळांचा गळा आवळला गेला, वंशाप्रमाणे कोणी कुठे राहायचं ते ठरवणाऱ्या ग्रुप एरियाज कायद्याने वस्त्याच्या वस्त्या उठवल्या आणि त्यांच्याबरोबर क्लबही विस्कटले. तरी लोक खेळत राहिले. शालेय रग्बीतली सगळ्यात मोठी स्पर्धा म्हणजे क्रेव्हन वीक, १९६४ला सुरू झाली, पण गोरे नसलेल्या पोरांना तिचं दार उघडलं ते १९८०मध्ये, आणि तेव्हाही बिगरवर्णभेदी संघटनेचं म्हणणं होतं की समाजच नॉर्मल नाही तर खेळ नॉर्मल कसा होईल, आम्ही येणार नाही. गोऱ्यांचं आणि बाकीच्यांचं अशी वेगळी रग्बी बोर्डं एक झाली १९९२ला. एकीकरणात सत्तेच्या खुर्च्या वाटल्या गेल्या, पण टाउनशिपच्या त्या जुन्या क्लबांना हातात काय मिळालं हे मी बराच शोधूनही मला समाधानकारक असं काही सापडलं नाही.

पार्ल हे एकच गाव बघितलं तरी पुरे. केप टाउनपासून फार लांब नाही, द्राक्षांचे मळे, मधून बर्ग नदी. एका बाजूला पार्ल जिम्नेशियम आणि पार्ल बॉईज हाय, यांची आपसातली वार्षिक मॅच म्हणजे गावाची जत्राच, हजारो लोक, टीव्हीवर लाइव्ह, शाळकरी पोरांच्या मॅचला! ग्रुप एरियाजच्या काळात कलर्ड कुटुंबांना नदीच्या पूर्वेकडे ढकललं गेलं. त्याच गावातला कर्ट-ली आरेन्ड्से, आजचा स्प्रिंगबॉक, म्हणजे राष्ट्रीय टीमचा विंगर, शिकला न्यू ऑर्लिन्स सेकंडरीमध्ये. शाळेत असताना त्या दोन्ही श्रीमंत शाळांपैकी एकीचीही जर्सी अंगात नाही, मग वेस्टर्न केप युनिव्हर्सिटीकडून खेळला, मग सात-सात जणांची सेव्हन्स रग्बी, मग प्रिटोरियाची बुल्स टीम, आणि मग स्प्रिंगबॉक. दोन नामांकित रग्बी शाळा त्याच्याच गावात होत्या, तरी त्याला असा लांबचा वळसा घालावा लागला. मापिंपीचं तर अजून उलट, ईस्टर्न केपच्या खेड्यातला, मोठ्या शाळेचं तोंड न बघितलेला, आणि पहिली टेस्ट खेळला तेव्हा वय २७. पुढच्याच वर्षी वर्ल्ड कप फायनलमध्ये ट्राय करणारा पहिला साउथ आफ्रिकन तोच. म्हणजे गुणवत्ता होती, तर मग सत्ताविसाव्या वर्षापर्यंत सिस्टिम कुठे बघत होती? लोक म्हणतात बघा, जिद्द असली की होतं. मी म्हणतो त्याच्या वयाचे, त्याच्याइतके वेगवान किती जण विशीतच बूट टांगून कामाला लागले ते मोजा ना आधी.

स्कॉलरशिपला, तिकडे बर्सरी म्हणतात, माझा विरोध नाही, ज्या पोराला मिळते त्याचं आयुष्य बदलतं आणि कुठलीही आई ती नाकारणार नाही, मी असतो तर मीही नाकारली नसती. पण ती चालते कशी ते बघा. बारा-तेरा वर्षांच्या पोरांच्या स्पर्धेला शाळांचे लोक वह्या घेऊन बसतात, आणि त्या वयात जो लवकर वाढला तो उठून दिसतो, उशिरा वाढणारा राहतो. श्रीमंत शाळेत उशिरा वाढणाऱ्याला डी टीम आहे, टाउनशिपमधल्याला काहीच नाही. जे निवडले जातात ते तेराव्या वर्षी घर सोडून परक्या भाषेत, आफ्रिकान्स नाहीतर इंग्रजीत, परक्या जेवणावर राहतात, फी माफ असते पण सुट्टीत घरी जायचं भाडं, कपडे, मोबाइल, वाढदिवसाला मित्रांच्या घरी रिकाम्या हाताने जायचं का, हे सगळं त्या पोराच्या डोक्यावर. आणि गुडघा गेला तर काय होणार ही भीती वेगळी.

शिवाय मागे राहिलेल्या शाळेचं काय होतं हे कोणी विचारत नाही. सगळ्यात चांगला पोरगा गेला, पाठोपाठ दुसरा गेला, टीम हरायला लागली, मास्तरची हौस संपली, पुढच्या वर्षी टीमच नाही. ईस्टर्न केपच्या डेल, क्वीन्स अशा जुन्या नामांकित शाळा, जिथे आता बहुतेक मुलं कृष्णवर्णीय आहेत आणि पालकांकडे तेवढी फी भरायला पैसे नाहीत, तिथलीही चांगली पोरं वेस्टर्न केप आणि क्वाझुलू-नाताळ प्रांतांतल्या श्रीमंत शाळा घेऊन जातात. म्हणजे ज्या मातीत कृष्णवर्णीय रग्बी शंभर वर्षं टिकली ती माती उपसली जातेय, आणि कागदावर मात्र आकडे छान दिसतायत.

आकड्यांवरून आठवलं. २०१६च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे क्रीडामंत्री फिकिले म्बालुला यांनी रग्बीसह चार खेळांच्या संघटनांवर मोठ्या स्पर्धा भरवायला अर्ज करायचीच बंदी घातली, का तर बदलाची टार्गेट पूर्ण केली नाहीत म्हणून. पुढच्या वर्षी ती उठली. संघटनेचं टार्गेट होतं २०१९च्या वर्ल्ड कपपर्यंत टीममध्ये अर्धे खेळाडू कृष्णवर्णीय. यात सरकारला एक विचारायला हवं होतं, की शाळा कोणाच्या ताब्यात आहेत? रग्बी संघटनेच्या नाहीत, तुमच्या आहेत. संडास, मैदान, दुपारचं जेवण, शिक्षक, हे सगळं तुमचं खातं, आणि जाब विचारताय पंधरा जणांच्या लिस्टचा.

एक चिठ्ठी आली आहे, कोटा ठेवावा की काढावा. काढू नये असं माझं मत. कोटा नसता तर निवड निव्वळ गुणांवर झाली असती हे मला पटत नाही, चेस्टर विल्यम्स एकटाच होता तो काळ फार जुना नाही. पण फक्त रंग मोजला तर काय होतं, की श्रीमंत शाळेत शिकलेला, डॉक्टर-वकिलाचा कृष्णवर्णीय मुलगा आणि झ्विडेचा मुलगा एकाच रकान्यात पडतात, आणि रकाना भरायला पहिला सोपा पडतो. त्या मुलाचा यात काही दोष नाही, त्याने जरूर खेळावं. मी फक्त म्हणतो की क्रेव्हन वीकच्या टीमशीटवर रंगाच्या बाजूला अजून दोन रकाने घाला, पोरगा चौदाव्या वर्षापर्यंत कुठल्या शाळेत होता आणि ती शाळा फी घेणारी होती की बिनफीची, आणि जी शाळा दुसऱ्या शाळेचा पोरगा उचलते तिने त्या शाळेला कोचच्या पगाराचे पैसे द्यायचे. क्लब फुटबॉलमध्ये खेळाडू घडवणाऱ्या क्लबला भरपाई मिळतेच की, तिथे कोणाला ते क्रांतिकारक वगैरे वाटत नाही. मोठ्या शाळा याला कडाडून विरोध करतील, माजी विद्यार्थ्यांचे वकील उभे राहतील, म्हणतील शाळा म्हणजे क्लब नव्हे. मग तेराव्या वर्षाच्या पोरांच्या मॅचला वही घेऊन का बसता, हे त्यांना कोणीतरी विचारा. बाकीचे प्रश्न घेऊया, माइक तिकडे मागच्या रांगेत द्या.