गाडीभोवती चक्कर मारली नाही, म्हणून गेम संपला: ‘पोलिस क्वेस्ट’ पुन्हा खेळताना

नमस्कार मंडळी! आजचा गेम पोलिसांचा आहे, पण त्यात गुन्हेगाराच्या हातून मरण्याआधी आपण स्वतःच्या निष्काळजीपणानेच कितीतरी वेळा मरतो.

(स्क्रीनवर: पोलीस ठाण्यामागची पार्किंगची जागा, निळ्या गणवेशातला सोनी)

हा सोनी बाँड्स. कॅलिफोर्नियातल्या लिटन नावाच्या काल्पनिक शहरात गस्तीवर असतो. आता बघा. ब्रीफिंग ऐकलं, गाडीची चावी घेतली, दार उघडून बसलो आणि निघालो. झालं! टायर पंक्चर, गेम ओव्हर. गाडीत बसण्याआधी तिच्याभोवती पायी एक पूर्ण फेरी मारून ती तपासायची असते. पोलिसांच्या नियमात तसं आहे, म्हणून गेममध्येही आहे. तुम्हाला कोणी आठवण करून देणार नाही, स्क्रीनवर बाण लुकलुकणार नाही.

हा ‘पोलिस क्वेस्ट’चा पहिला भाग, १९८७ सालचा. काढला सिएरा ऑन-लाइन या कंपनीने. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीच्या डोंगरांजवळच्या ओकहर्स्ट गावात तेव्हा यांचं ऑफिस होतं. राजे-राजकन्यांचा ‘किंग्ज क्वेस्ट’ आणि अंतराळातला ‘स्पेस क्वेस्ट’ यांचेच. कंपनीचे मालक केन विल्यम्स यांना पोलिसांवर गेम हवा होता, आणि तो लिहायला त्यांनी खराखुरा पोलीसच गाठला. जिम वॉल्स हे कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलमध्ये अधिकारी होते. गोळीबाराच्या एका प्रसंगानंतर ते रजेवर होते. कॉम्प्युटरचा त्यांना गंध नव्हता म्हणा, पण रस्त्यावर गाडी थांबवली की पोलिसाने कुठे उभं राहायचं, आधी काय बोलायचं, हात कुठे ठेवायचा, हे सगळं अंगवळणी पडलेलं होतं. तेच त्यांनी गेममध्ये उतरवलं.

(स्क्रीनवर: खालची काळी पट्टी, त्यावर लुकलुकणारा कर्सर)

ही खालची ओळ नीट बघा, सगळी मजा इथे आहे. यात माऊसने काम होत नाही. जे करायचं ते इंग्रजीत दोन-तीन शब्दांत टाइप करायचं. समजा दारूच्या नशेतला ड्रायव्हर रस्त्यावर झोकांड्या खात गाडी चालवतोय. आपण सायरन लावून त्याला थांबवलं. आता पुढे? गेम गप्प. पर्यायांची यादी नाही, काही नाही. तुम्हालाच सुचलं पाहिजे की आधी लायसन्स मागायचं, मग त्याला गाडीतून उतरवायचं, मग तो शुद्धीत आहे का याची चाचणी घ्यायची, मग बेड्या, मग झडती.

आणि हा क्रम महत्त्वाचा आहे. पुढे एका खतरनाक संशयिताची गाडी अडवायची वेळ येते. तिथे एकट्याने हिरोगिरी करत पुढे गेलात की मेलात. रेडिओवरून मदत मागवायची, आपल्या गाडीच्या आडोशाला उभं राहून पिस्तूल काढायचं, त्याला बाहेर यायला लावायचं, हात वर, जमिनीवर पालथा, मग बेड्या आणि मगच झडती. झडतीची घाई केलीत तर ती महागात पडते.

एवढं करून कैद्याला तुरुंगात आणलं की सुटलो, असं वाटतं ना? तुरुंगाच्या दाराबाहेर भिंतीवर छोटे लॉकर दिसतायत? कैद्याला आत नेण्याआधी स्वतःचं पिस्तूल तिथे ठेवायचं. बाहेर पडताना परत घ्यायचं. दोन्ही लक्षात ठेवायचं. आतमध्ये कैदी असताना कमरेला भरलेलं हत्यार का नको, हे गेम समजावत बसत नाही. विसरलात की कळतं!

मग हे सगळं कळायचं कुठून? गेमच्या डब्यात एक पुस्तिका यायची. नवीन भरती झालेल्या पोलिसाला द्यावी तशी. त्यात अटकेची पद्धत, रेडिओवरचे कोड, कायद्याची कलमं. कैद्याला कोणत्या कलमाखाली आत टाकायचं हे पुस्तिका चाळूनच सापडतं. त्या काळी गेमची कॉपी करणाऱ्यांना अडवायला कंपन्या पुस्तिकेतला शब्द विचारायच्या. इथे पुस्तिका वाचणं हाच गेमचा गाभा झाला, आणि मला ही कल्पना आजही भारी वाटते. आरटीओच्या परीक्षेला बसल्यासारखं वाटतं, फक्त इथे नापास झालं की थेट अंत्यविधी.

गाडी चालवण्याचा भाग मात्र वैतागवाणा आहे. वरून दिसणारा शहराचा नकाशा, त्यात मुंगीएवढी गाडी. वळण चुकलं, कडेला घासली, सिग्नल तोडला की संपलं. तेव्हाही लोक वैतागायचे, मीही वैतागलो. पुढे जाऊ.

(स्क्रीनवर: डावीकडे १९८७ची आवृत्ती, उजवीकडे १९९२ची)

१९९२ मध्ये सिएराने हाच पहिला भाग नव्याने काढला. रंग भरपूर, चेहरे ओळखू येतात, माऊसवर चालतो. लोक म्हणतात, हाच खेळा, जुना कशाला? मला नाही पटत. माऊस आला की हाताचं चिन्ह घेऊन स्क्रीनवर सगळीकडे क्लिक करत सुटता येतं. बेड्यांवर क्लिक, माणसावर क्लिक, लागला तर लागला तीर. टाइप करायचं म्हटलं की काय करायचं हे आधी डोक्यात असावं लागतं. पोलिसाची कार्यपद्धती आपल्याला खरंच पाठ आहे की नाही, हे ती काळी पट्टी तपासते. नव्या आवृत्तीत तेच कोडं अर्धं सोडवून हातात मिळतं.

दुसरा भाग १९८८ चा, ‘द व्हेंजन्स’. पहिल्या भागात पकडलेला जेसी बेन्स, म्हणजे ‘डेथ एंजल’, तुरुंगातून पळतो आणि सोनी आता खुनांचा तपास करणारा डिटेक्टिव्ह झालेला असतो. यात घटनास्थळी फोटो काढायचे, बोटांचे ठसे घ्यायचे, पावलाच्या ठशात प्लास्टर ओतायचं. मला मालिकेतला हा सगळ्यात आवडता भाग. आणि सगळ्यात दुष्टही! सुरुवातीला शूटिंग रेंजवर जाऊन पिस्तुलाची साइट, म्हणजे नेम धरायची खूण, नीट जुळवावी लागते. ते केलं नाही तरी गेम काही बोलत नाही. तुम्ही तासन्‌तास पुढे जाता, पुरावे गोळा करता, आणि ऐन गोळीबारात तुमच्या गोळ्या लागतच नाहीत. सोनी मरतो. चूक कुठे झाली तर पार सुरुवातीला. एकच सेव्ह ठेवली असेल तर नमस्कार करा आणि पहिल्यापासून सुरू करा.

तिसऱ्या भागाबद्दल थोडक्यात: १९९१, संगीत यान हामर यांचं. हो, ‘मायामी व्हाइस’ या पोलिसांवरच्या टीव्ही मालिकेचं संगीत देणारे. त्यात मेलात की खुद्द जिम वॉल्स पडद्यावर येऊन तुमची चूक सांगतात, ते मात्र मस्त. पण वॉल्स तेव्हाच सिएरातून बाहेर पडले, आणि खेळताना ते जाणवतं.

चौथ्या भागावर जरा थांबू या. १९९३, ‘ओपन सीझन’. काल्पनिक लिटन गेलं, खरं लॉस एंजेलिस आलं, खऱ्या जागांचे फोटो वापरले. आणि डब्यावर नाव कुणाचं? डॅरिल गेट्स यांचं. हे १९७८ ते १९९२ लॉस एंजेलिस पोलिसांचे प्रमुख. मार्च १९९१ मध्ये याच दलाच्या पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला रस्त्यावर पाडून मारलं, आणि ते व्हिडिओत टिपलं गेलं. एप्रिल १९९२ मध्ये त्या पोलिसांना ज्युरीने मोकळं सोडल्यावर शहर पेटलं, साठहून अधिक माणसं गेली. गेट्स यांना पद सोडावं लागलं. आणि पुढच्याच वर्षी पोलिसांच्या गेमवर त्यांचं नाव! प्रत्यक्षात गेमची रचना टॅमी डार्गन यांनी केली होती, पण विकायला नाव गेट्स यांचं.

नुसता मार्केटिंगचा आगाऊपणा म्हणून मी हे सोडून देऊ शकत नाही. ही मालिका उभी कशावर आहे? पोलीस लेखी नियम पाळतो, यावर. आणि किंग प्रकरणानंतर नेमलेल्या ख्रिस्तोफर आयोगाने १९९१ मध्ये काय म्हटलं? की या दलातले बरेच पोलीस गरजेपेक्षा जास्त बळ वारंवार वापरतात आणि त्याबद्दलच्या खात्याच्याच लेखी सूचना सतत धाब्यावर बसवतात. गेममध्ये नियम मोडला की सोनी मेला. त्या रस्त्यांवर नियम पोलीस मोडायचे आणि मार दुसऱ्याच्या पाठीवर पडायचा. जुन्या भागांतही हे खटकतंच. ज्याला सोनी पकडतो तो गुन्हेगारच निघतो, चुकीचा माणूस पकडला गेला असं कधी होत नाही. पण ‘ओपन सीझन’मध्ये ते डब्यावरच छापलंय.

त्यापुढे मालिकेचं नाव ‘स्वॉट’ (म्हणजे पोलिसांचं खास सशस्त्र पथक) झालं आणि १९९५ नंतर ती हळूहळू दरवाजे फोडून आत शिरायच्या गेमकडे वळली. तो वेगळा व्हिडिओ.

खेळायचं असेल तर चारही भाग एकत्र गॉग या गेम विकणाऱ्या वेबसाइटवर मिळतात, आजच्या विंडोजवर चालतात, आणि पुस्तिका पीडीएफमध्ये सोबत येते. ती आधी वाचा, गंमत नाही करत. सुरुवात १९८७ च्या भागापासून करा, सेव्ह वेगवेगळ्या नावांनी करा. आणि शेवटाकडे सोनी वेश बदलून हॉटेलात जुगार खेळायला बसतो, तिथे खरोखरचा पोकर खेळून जिंकावं लागतं. प्रत्येक डावानंतर सेव्ह करा, कारण त्या टेबलावर पुस्तिका उपयोगी पडत नाही.