गाणं कुणाच्याच हातात नाही

(काळा पडदा. लाकडावर ठोके, फार जलद.)

किती जण वाजवतायत, सांगता येईल? ऐकताना एकच माणूस वाटतो, आणि एवढ्या वेगानं माणूस वाजवेल कसा, हेही कळत नाही.

(चित्र उजळतं.)

तीन जण आहेत. युगांडातल्या बुगांडा राज्याचं हे वाद्य, अमाडिंडा. जमिनीवर केळीचे दोन ताजे खुंट. सत्यनारायणाच्या चौरंगाला बांधतो तसलेच, फक्त आडवे टाकलेले. त्यांवर 12 लाकडी पट्ट्या, आणि पट्ट्या सरकू नयेत म्हणून खुंटांत खोचलेल्या काटक्या.

एक वादक या बाजूला, दुसरा समोर. पहिल्याच्या दोन ठोक्यांमधल्या फटीत दुसऱ्याचा ठोका पडतो. एका उखळात दोघींनी आळीपाळीनं मुसळ घालावं, तसा. दोघांचे मिळून सेकंदाला आठ-दहा ठोके.

तिसऱ्याकडे फक्त टोकाच्या दोन पट्ट्या, सगळ्यात लहान. पहिल्या दोघांच्या ठोक्यांतून खालच्या दोन सुरांची एक नक्षी उमटत राहते. ती दोघांपैकी एकटा कुणी वाजवत नसतो. तिसरा ती कानांनी वेचतो आणि आपल्या दोन पट्ट्यांवर काढून दाखवतो.

(जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

1950 आणि 1952 मध्ये ह्यू ट्रेसी टेपरेकॉर्डर घेऊन युगांडात फिरले. जन्म इंग्लंडचा. तरुणपणी तंबाखूच्या शेतीसाठी आजच्या झिम्बाब्वेत आले आणि शेतमजुरांच्या गाण्यांत अडकले ते कायमचे. त्यांच्याजवळ 54 नादकाट्यांचा संच असे. पहिला सेकंदाला 212 कंपनांचा, मग चार-चारनं चढत 424 पर्यंत. पट्टी वाजवायची, काटा कानाशी धरायचा, जुळेपर्यंत काटे बदलायचे.

बुगांडाच्या सप्तकात सूर पाचच. आपल्या कानाला लगेच भूप आठवतो. पण भूपात काही सूर जवळ, काही लांब. इथे पाचही सूर जवळजवळ सारख्या अंतरावर बसतात. हार्मोनियमवर शोधायला जाऊ नका, सापडणार नाहीत.

(ढोलांचा आवाज.)

हा एन्टेंगा. ढोलांवर चाल वाजते, तीही राजाच्या, म्हणजे कबाकाच्या वाड्यातच. सुरात लावलेले 12 ढोल चौघांकडे, ठेक्याचे तीन दोघांकडे. ट्रेसींच्या टेपवर हे सहा जण आहेत.

24 मे 1966. राष्ट्राध्यक्ष ओबोटे यांच्या सैन्यानं मेंगोच्या टेकडीवरच्या लुबिरी राजवाड्यावर हल्ला केला. सैन्याचं नेतृत्व इदी अमीनकडे होतं. कबाका परदेशी निसटले. दरबारी वाद्यांची नासधूस झाली, वादक पांगले. राजपद परत यायला 1993 उजाडलं.

टेप मात्र शाबूत होत्या. म्हणजे संगीत वाचलं, असं आपण म्हणून टाकतो. मला ते अर्धंच खरं वाटतं. टेपवर सहा जणांचा मिळून एक आवाज आहे. तिसऱ्या माणसाचा डावा हात काय करत होता, ते त्यातून कसं काढणार? म्हणून एन्टेंगा पुन्हा उभा करताना टेपच्या जोडीला जुन्या वादकाची आठवण लागली. दरबारी वादक एव्हारिस्टो मुयिंडा तर कंपालाच्या युगांडा म्युझियममध्ये वाजवून दाखवत आणि समोर बसवून शिकवत. त्या बैठकीत जे हातात येतं, ते कपाटातल्या रिळात नाही.

(आजचं अंगण. दोन वादकांपुढे दोन वेगळे माइक. इअरफोन लावलेला ध्वनिमुद्रक.)

आता मुद्रण असं करता येतं. प्रत्येकाचा आवाज वेगळा.

(दुसरा माइक बंद. उरतात सुटे, अंतरा-अंतरावरचे ठोके.)

हा नुसता पहिला वादक. एकसारखा, न थांबता वाजवतोय. चाल कुठली, ओळखू येत नाही.

(दुसरा माइक सुरू.)