कुर्ला : गाडी बदलण्याचं स्टेशन

श्रोतेहो, नमस्कार.

कुर्ल्याला माणूस बहुधा मुक्कामासाठी उतरत नाही. मेन लाइनच्या स्लो गाडीतून उतरायचं, धक्के खात जिना चढायचा, पूल ओलांडायचा आणि हार्बरच्या फलाटावर धावत उतरायचं. पनवेलची गाडी डोळ्यांदेखत सुटली की कपाळाला हात लावायचा. हे ज्याने केलं नाही तो मुंबईकर कसला? पण या घाईत आपण काय काय तुडवून जातो, ते आज थोडं सांगतो.

पश्चिमेला बाहेर पडलात की सीएसटी रोड लागतो. हा रस्ता छत्रपती शिवाजी टर्मिनसकडे जातो म्हणून त्याचं हे नाव, असं मीही कित्येक वर्षं धरून चाललो होतो. तसं ते नाही. ही अक्षरं आहेत सेंट्रल साल्सेट ट्रामवेची. 1928 साली तुर्भ्याहून, म्हणजे ट्रॉम्बेहून, कुर्ल्यामार्गे अंधेरीपर्यंत एक छोटी रेल्वे सुरू झाली आणि 1934 मध्ये बंदही पडली. रूळ गेले, रस्ता उरला, आद्याक्षरं पाटीवर राहिली. पुढे बोरीबंदरच्या व्हिक्टोरिया टर्मिनसला, म्हणजे व्हीटीला, छत्रपती शिवाजी टर्मिनस हे नवं नाव मिळालं आणि त्याची आद्याक्षरं नेमकी तीच निघाली!

आता चेंबूरची बाजू. कुर्ला-चेंबूर मार्ग 1906 साली टाकला तो माणसांसाठी नव्हे, शहराचा कचरा वाहून नेण्यासाठी. प्रवाशांना त्यावर बसायला मिळालं 1924 मध्ये. आज हार्बरने नवी मुंबईला जाणारी सगळी गर्दी त्याच वाटेने निघते. कचऱ्यामागून अठरा वर्षांनी माणसांचा नंबर लागला, एवढंच म्हणतो.

आणि मग 3 फेब्रुवारी 1925. त्या दिवशी व्हिक्टोरिया टर्मिनसहून एक गाडी निघाली, तिच्या पुढे ना धूर ना कोळसा. दीड हजार व्होल्टच्या डायरेक्ट करंटवर, म्हणजे डीसीवर, धावणारी ती भारतातली पहिली विजेची प्रवासी गाडी. मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी तिला हिरवा कंदील दाखवला. ती गेली हार्बर मार्गाने आणि थांबली आपल्या कुर्ल्याला. हार्बरच्या गाड्या व्हीटीपर्यंत याव्यात म्हणून सँडहर्स्ट रोडजवळ रूळ उंच पुलावर चढवून मेन लाइनच्या डोक्यावरून न्यावे लागले होते. तिथे आजही खाली मेन लाइनचे फलाट आणि वर हार्बरचे. विजेच्या गाड्या आल्या म्हणजे त्यांची देखभाल आली, त्यासाठी कुर्ल्याची कारशेड उभी राहिली. रात्री लोकलच्या डब्यावर ‘कुर्ला’ वाचून जी गाडी रिकामी होते, ती बऱ्याचदा तिथेच झोपायला जाते.

हा डीसी प्रवाह पुढे 91 वर्षं चालला. मग एकेक मार्ग पंचवीस हजार व्होल्टच्या एसीवर, म्हणजे अल्टरनेटिंग करंटवर गेला. हार्बर सर्वांत शेवटी. 9 एप्रिल 2016 च्या रात्री शेवटची डीसी लोकल सुटली ती कुर्ल्याहून, सीएसटीकडे. पहिली गाडी जिथे पोचली, तिथूनच शेवटची निघाली. हे ठरवून झालं की आपसूक, कोण जाणे, पण गाडीची आवड असलेले लोक त्या रात्री मुद्दाम जागे राहिले होते.

आता कुर्ल्याचे हार्बरचे फलाटही उंचावर न्यायचं काम रेल्वेने हाती घेतलं आहे. म्हणजे सँडहर्स्ट रोडसारखंच, वर हार्बर, खाली मेन. जिने मात्र आणखी चढावे लागणार. गुडघे सांभाळा. नमस्कार.