सिझरच्या वेळी आणि नंतर होणारी मळमळ कशी टाळावी?

नमस्कार. पाठीतून भूल देऊन सिझर करताना आणि त्यानंतर होणाऱ्या मळमळीचा दोष घरची मंडळी सहसा आदल्या रात्रीच्या जेवणाला देतात, पण टेबलावर होणाऱ्या मळमळीचे पहिले कारण बहुतेक वेळा रक्तदाब हे असते.

कण्यात भुलीचे इंजेक्शन दिल्यावर शरीराच्या खालच्या भागातील रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त तिकडे साठते आणि काही मिनिटांतच रक्तदाब उतरतो. त्यातच माता उताणी झोपलेली असेल, तर भरलेल्या गर्भाशयाचे ओझे पोटातील मोठ्या शिरेवर येऊन हृदयाकडे परतणारे रक्त आणखी घटते. मेंदूला रक्त कमी पडू लागले की जांभया येतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि एकाएकी मळमळते. त्यामुळे अशा वेळी भूलतज्ज्ञ प्रथम मॉनिटरवरचा आकडा पाहतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या शिफारशीनुसार, वरचा रक्तदाब मूळच्या किमान ९० टक्के राखावा आणि त्यासाठी फेनिलएफ्रिनसारखे औषध, दाब पडण्याची वाट न पाहता, भूल दिल्याबरोबर सुरू करावे. जोडीला सलाइन वेगाने दिले जाते आणि मातेला किंचित डाव्या कुशीकडे कलते ठेवले जाते. मातेनेही संकोच करू नये; 'मळमळतंय' एवढे लगेच सांगितले, तरी पुढचे उपाय वेळेत होतात.

बाळ बाहेर आल्यावर कारणे बदलतात. गर्भाशय टाके घालण्यासाठी पोटाबाहेर काढले की ओढ बसून मळमळते. रक्तस्राव थांबवण्याच्या औषधांपैकी ऑक्सिटोसिन झपाट्याने दिल्यास दाब पडतो, तर मिथाइलअर्गोमेट्रिन आणि कार्बोप्रोस्ट यांनी उलट्या होतात. अर्थात, रक्तस्राव वाढला असेल तर ती औषधे द्यावीच लागतात, उलटी परवडते.

वेदना कमी राहाव्यात म्हणून कण्यात मॉर्फिन दिले असल्यास त्यानंतरचे काही तास मळमळ आणि खाज राहू शकते. त्यावर ऑन्डान्सेट्रॉन आणि डेक्सामिथासोन अशी वेगवेगळ्या मार्गाने काम करणारी दोन औषधे एकत्र दिल्यास एकट्या औषधापेक्षा चांगला उपयोग होतो. डेक्सामिथासोनने साखर वाढू शकते, म्हणून मधुमेह असल्यास आधी सांगावे. ज्यांना एसटी लागते किंवा मागच्या ऑपरेशननंतर उलट्या झाल्या होत्या, त्यांनीही भूलतपासणीच्या वेळी हे आवर्जून सांगावे.

आता उपाशी राहण्याविषयी. जिंतूर किंवा गंगाखेडहून परभणीला निघालेली गाडी वाटेत थांबते आणि 'अर्धा कप चहाने काय होतंय' म्हणून बिस्किटांसह चहा दिला जातो. दुधाचा चहा पाण्यात मोजला जात नाही. ठरलेल्या सिझरआधी त्याला आणि हलक्या आहाराला ६ तासांचे अंतर लागते, साध्या पाण्याला २ तासांचे. ऐनवेळी सिझर ठरले, तर काय आणि केव्हा खाल्ले ते खरे सांगावे, कारण उलटी श्वासनलिकेत गेल्यास जीवावर बेतू शकते.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी परवानगी दिली की घोटघोट पाणी, मग पेज किंवा मऊ भात, असे सुरू करावे. बाळंतिणीला ताकद यावी म्हणून तूप-शिऱ्याची घाई करू नये. उलटी येत असल्यास तिची मान एका कुशीवर वळवावी. उलट्या थांबतच नसतील, पोट फुगले असेल, डोके तीव्र दुखत असेल किंवा रक्तस्राव वाढून चक्कर येत असेल, तर औषधाच्या दुकानातून गोळी आणण्याऐवजी वॉर्डातील सिस्टरना तत्काळ बोलवावे.