स्लाऊमधलं पाळणाघर

(सकाळ. स्वयंपाकघर. फळीवर सुरी चालल्याचा आवाज.)

पावणेआठ वाजलेत. लंडनच्या पश्चिमेला, स्लाऊमधल्या एका घरात द्राक्षं चिरणं चाललंय. आडवी नाही, उभी चिरायची. एकेका द्राक्षाच्या चार फोडी. अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या घशात बुचासारखं बसतं. या घरात पाळणाघर चालवणाऱ्या ताई हे प्रथमोपचाराच्या वर्गात शिकल्या. तान्ह्या बाळांसाठी आणि लहान मुलांसाठीचं हे १२ तासांचं शिक्षण दर ३ वर्षांनी पुन्हा घ्यावं लागतं.

ताई मूळच्या साताऱ्याच्या. त्यांच्या आईनं गल्लीतली चार-पाच पोरं वर्षानुवर्षं सांभाळली, ‘जरा लक्ष ठेवाल का?’ एवढ्या एका वाक्यावर. इंग्लंडमध्ये तसं चालत नाही. पैसे घेऊन ८ वर्षांखालचं मूल आपल्या घरी दिवसाला दोन तासांहून जास्त सांभाळायचं, तर ऑफस्टेडकडे, म्हणजे शाळा-पाळणाघरं तपासणाऱ्या सरकारी खात्याकडे, किंवा चाइल्डमाइंडर (घरी मुलं सांभाळणाऱ्या) लोकांच्या एजन्सीकडे नोंदणी हवीच.

ताईंनी ऑफस्टेडकडे अर्ज केला आणि चौकशी सुरू झाली. एकट्या ताईंची नाही, घरातल्या १६ आणि त्यापुढच्या प्रत्येकाची. पोलिसांकडची नोंद नवऱ्याची तपासली, तशी १७ वर्षांच्या मुलाचीही. “माझी कशाला?” मुलगा चिडला. ताई म्हणाल्या, “तू दोन वर्षांचा असताना तुला कुणाच्या घरी ठेवलं असतं, तर तिथं कोण कोण राहतं हे मी विचारलं नसतं का रे?” त्यानं मुकाट्यानं फॉर्म भरला.

(कॅमेरा जमिनीलगत. बैठकीची खोली.)

मग ताई घरभर रांगल्या. खरोखरच, गुडघ्यांवर! दोन वर्षांच्या पोराच्या नजरेला काय पडतं ते बघायला. पडद्याची लोंबती दोरी दिसली. सिंकखालची फिनेलची बाटली दिसली. आणि चौरंगावरचं देवघर: निरांजन, काडेपेटी, कुंकवाचा करंडा, सगळं अगदी हाताशी. आता देव भिंतीवर उंच फळीवर बसलेत. चौरंगाच्या जागी गोष्टींच्या पुस्तकांची टोपली आहे.

नोंदणीआधी घर बघायला आलेल्या बाईंनी जिन्याचं फाटक हलवून पाहिलं, पण जास्त वेळ गेला तो प्रश्नांत. मूल दोन वर्षांचं झालं तरी बोलत नाही, काय कराल? अंगावर वळ दिसला, कुणाला कळवाल?

किती मुलं घ्यायची, याचाही नियम आहे: एका वेळी ८ वर्षांखालची जास्तीत जास्त ६ मुलं. त्यांत ५ वर्षांखालची ३, आणि वर्षाच्या आतलं एरवी एकच. स्वतःचं लहान मूल असेल तर तेही यातच धरायचं.

गेल्या दहा-बारा वर्षांत इंग्लंडमधल्या चाइल्डमाइंडरची संख्या निम्म्याच्या आसपास आली आहे. आणि सप्टेंबर २०२५पासून नोकरदार आईवडिलांच्या ९ महिन्यांच्या बाळालाही, शाळेच्या सत्रात, आठवड्याला ३० तासांचा सांभाळ सरकारी खर्चानं मिळू लागलाय. मुलं येतायत, सांभाळणारी माणसं कमी पडतायत. कागदांचा जाच खरा आहे, ताईंनी तो सोसलाय. तरीही मला वाटतं, साताऱ्याच्या ताईंच्या आईच्या कष्टाला कुणी कधी काम म्हटलं नाही; इथं निदान या कागदांवर ते काम म्हणून लिहिलं जातं.

(दारावरची बेल.)

पोलंडहून आलेल्या जोडप्याचा दोन वर्षांचा मुलगा. ताई हजेरीच्या वहीत वेळ लिहितात: ८.०२. तोवर बूट न काढताच तो आत पळालाय. “माऊशी!” त्याला द्राक्षांची वाटी दिसली आहे.